झोपडी तोडायची नोटीस आली? पात्रता, परिशिष्ट-२ आणि कागदं

बुलडोझर दारात आला की माणसं आधी गॅस आणि भांडी बाहेर काढतात, कागदांची पिशवी आतच राहते. हे मी दोनतीनदा डोळ्यांनी बघितलंय म्हणून लिहितोय. हे सगळं मुंबईतल्या झोपडपट्टीपुरतं, गावाकडच्या गायरानाचं प्रकरण वेगळं.

आधी पात्रता. झोपडी १ जानेवारी २००० पर्यंतची असेल तर एसआरएत (झोपडपट्टी पुनर्वसन योजनेत) घर फुकट. त्यानंतरची पण १ जानेवारी २०११ पर्यंतची असेल तर अडीच लाख भरायचे, हा रेट २०२३ च्या जीआरने (शासन निर्णयाने) ठरला. त्यापुढचे अपात्र (धारावीचं गणित निराळं आहे). आणि नुसतं जुनं असून भागत नाही, आजही तिथंच राहताय हे दाखवावं लागतं. पोटमाळ्यावाल्यांचे तर हाल विचारूच नका, वरचा मजला धरतच नाहीत, म्हणजे खालचा भाऊ पात्र आणि वरचा भाऊ वीस-पंचवीस वर्षं राहून रस्त्यावर, घराघरात भांडणं लागतात ती इथनं.

कागदं म्हणाल तर जुन्या तारखेसाठी त्या काळच्या मतदार यादीचा उतारा, लाइट बिल, फोटोपास (झोपडीधारकाचं सरकारी ओळखपत्र), झोपडपट्टी सर्व्हेची पावती असलं जे असेल ते, आणि आत्ताच्या राहण्यासाठी आधार, रेशन कार्ड, चालू लाइट बिल, चालू मतदार यादी. दुकान असेल तर गुमास्ता (दुकानाचा परवाना). घोळ कुठं होतो तर आधारवर गावचा पत्ता, लाइट बिल वारलेल्या सासऱ्याच्या नावावर आणि सुनेच्या नावाचा एकही कागद नाही. नवरा सोडून गेलेल्या बाईला इथंच सगळ्यात जास्त त्रास होतो, तेव्हा नावं आत्ताच लावून घ्या, नोटीस आल्यावर धावपळ करून काही होत नाही.

पात्र-अपात्रची यादी म्हणजे परिशिष्ट-२. जमीन पालिकेची असेल तर ती वॉर्ड ऑफिसातून निघते, सरकारी असेल तर उपजिल्हाधिकारी (अतिक्रमण), म्हाडाची (राज्याच्या गृहनिर्माण मंडळाची) असेल तर म्हाडा. नाव अपात्रमध्ये आलं तर अपील करता येतं, मुदत पाळा, आणि प्रत्येक अर्जाच्या झेरॉक्सवर सही-शिक्क्याची पोच घ्या, तोंडी "हो बघतो" ला काडीची किंमत नाही.

१३ नोव्हेंबर २०२४ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की तोडण्याआधी किमान १५ दिवसांची नोटीस, म्हणणं मांडायची संधी आणि तोडकामाचं व्हिडिओ शूटिंग पाहिजे. पण रस्ता, फूटपाथ, रेल्वे लाइनलगत, नदी-तलाव अशा ठिकाणच्या अनधिकृत बांधकामाला हे लागू नाही, त्यामुळे व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या "आता कुणी हात लावू शकत नाही" वर जाऊ नका. १ जून ते ३० सप्टेंबर राहती घरं पाडायची नाहीत असाही शासनाचा जीआर आहे, पावसाळ्यात नोटीस आली तर तो अर्जाला जोडा.

घर मिळतं तेही कुठं, हा दुसरा प्रश्न. तानसाच्या पाण्याच्या पाइपलाइनवरची माणसं चेंबूरजवळच्या माहुलला रिफायनरीच्या शेजारी नेऊन टाकली, खोकला आणि त्वचेचे आजार मागे लागले, बायकांची घरकामं सुटली, शेवटी २०१९ मध्ये हायकोर्टाने म्हटलं की तिथं राहायची सक्ती करता येणार नाही. म्हणून चावी घ्यायच्या आधी एकदा जाऊन बघा. पोरांची शाळा किती लांब, पहिली बस किती वाजता, पाणी किती वेळ. आणि शाळा सोडल्याचा दाखला काढून ठेवा, नव्या ठिकाणी अॅडमिशनला पहिला तोच मागतात.