सागरी झडती (कोकण किनारा)

अमली पदार्थ वाहून नेत असल्याचा संशय असलेली नौका समुद्रात थांबवून तिची तपासणी, जप्ती व खलाशांची अटक करण्याची कार्यवाही. कोकणात हे काम तटरक्षक दल, नौदल, सीमाशुल्क विभाग, अमली पदार्थ नियंत्रण विभाग (एनसीबी) आणि सागरी पोलीस यांच्यात वाटलेले आहे.

तिचे मूळ कोठे शोधावे याबद्दल एकमत नाही. पोर्तुगीजांचा कार्ताझ आणि आंग्र्यांचे दस्तक या समुद्रपरवान्यांत तिचे पूर्वरूप पाहण्याचा प्रघात आहे. परवाना नसलेले गलबत दोन्ही व्यवस्थांत धरले जाई, हे खरे; परंतु तेथे मुख्य अपराध मालाचा नव्हे, परवाना नसण्याचा असे. त्यापेक्षा एकोणिसाव्या शतकातील अफूच्या करव्यवस्थेकडे पाहणे अधिक सयुक्तिक वाटते. माळव्याची अफू ईस्ट इंडिया कंपनीचे शुल्क चुकवून कराची व दमणमार्गे चीनकडे जाई. मुंबईत पास-शुल्काची (शुल्क भरून वाहतुकीचा परवाना घेण्याची) पद्धत १८३० च्या सुमारास आली, आणि १८४३ मध्ये सिंध ब्रिटिशांच्या ताब्यात गेल्यावर कराचीची वाट आवळली गेली. (दमण कोकणात धरावे का, हा निराळा वाद, दमणगंगा ही उत्तर सीमा मानल्यास ते अगदी काठावर येते.)

आजची यंत्रणा मात्र अफूने नव्हे, सोन्याने घडवली. १९६०–७० च्या दशकांत आखातातून येणाऱ्या चोरट्या सोन्यामुळे रुस्तमजी समिती (१९७४) नेमली गेली. तटरक्षक दल १ फेब्रुवारी १९७७ रोजी अंतरिम स्वरूपात उभे राहिले आणि १९७८ च्या अधिनियमाने कायम झाले. १९९३ मध्ये रायगडातील दिघी व शेखाडी येथे स्फोटके उतरवली गेल्याचे उघड झाल्यावर नौदलाच्या ‘ऑपरेशन स्वान’ने किनारी गस्त वाढली.

अधिकाराचा प्रश्न गुंतागुंतीचा आहे. १९७६ च्या सागरी क्षेत्र अधिनियमानुसार प्रादेशिक समुद्र १२ सागरी मैलांपर्यंत, संलग्न क्षेत्र २४ पर्यंत आणि अनन्य आर्थिक क्षेत्र २०० मैलांपर्यंत आहे. ‘एनरिका लेक्सी’ या इटालियन जहाजावरून केरळजवळ मच्छीमारांवर झालेल्या गोळीबाराच्या प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने १८ जानेवारी २०१३ रोजी १२ मैलांपलीकडे राज्याला अधिकारिता नसून ती केंद्राकडे असल्याचे म्हटले. साहजिकच सागरी पोलिसांचे कार्यक्षेत्र आखडते. परदेशी ध्वजाची नौका खुल्या समुद्रात अडवायची तर १९८८ च्या अमली पदार्थविरोधी व्हिएन्ना कराराच्या अनुच्छेद १७ प्रमाणे ध्वजराष्ट्राची (नौका जिथे नोंदलेली त्या देशाची) संमती हवी. पाकिस्तान-इराणच्या मकरान किनाऱ्याकडून येणाऱ्या ढाऊंवर (लाकडी नौकांवर) मात्र पुष्कळदा ध्वज नसतो. अशा राष्ट्रहीन नौकेवर चढून तपासणी करण्यास संयुक्त राष्ट्रांच्या सागरी कायदा करारातील अनुच्छेद ११० मुभा देतो. त्यावरून खटलाही चालवता येतो, असे एक मत. तपासणीची मुभा म्हणजे शिक्षेचा अधिकार नव्हे, असे दुसरे. करारातील शब्द दुसऱ्या मताकडे झुकतात, व्यवहार पहिल्याकडे. चाचेगिरीसाठी २०२२ मध्ये स्वतंत्र कायदा झाला. अमली पदार्थांची भिस्त अजून १९८५ च्या एनडीपीएस या अमली पदार्थविरोधी कायद्यावरच आहे.

प्रत्यक्ष झडतीत नौकेला व्हीएचएफ रेडिओच्या १६ क्रमांकाच्या वाहिनीवरून थांबण्याचा इशारा दिला जातो. पथक चढल्यावर खलाशांना नाळेकडे (नौकेच्या पुढच्या टोकाकडे) एकत्र बसवले जाते आणि तांडेलाकडून (नौकेच्या प्रमुखाकडून) कागदपत्रे घेतली जातात. मग बर्फाचे व मासळीचे खण, डिझेलच्या टाक्या, दुहेरी फळ्यांमागची पोकळी तपासतात. सापडलेल्या पुडीवर रसायनाचा थेंब टाकला जातो. मार्क्विस चाचणीत जांभळा रंग हेरॉइनचा, तर नारिंगी-तपकिरी मेथॅम्फेटामीनचा संशय दृढ करतो. निर्णायक पुरावा प्रयोगशाळेचाच. पाठलाग होताना माल पाण्यात फेकण्याचा प्रकार सर्रास आढळतो. पुड्या प्लास्टिकच्या अनेक थरांत बांधलेल्या असल्याने त्या तरंगत राहतात.

पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. एरवी अनोळखी नौकेची खबर बहुधा मच्छीमारच देतात (तटरक्षक दलाचा क्रमांक १५५४), तो आधार या काळात तुटतो. ऑगस्ट २०२३ मध्ये दापोली तालुक्यातील कर्दे, लाडघर, केळशी या किनाऱ्यांवर, तसेच श्रीवर्धन परिसरात चरसची पाकिटे वाहून आली.

भर समुद्रातील गाजलेल्या जप्ती गुजरात व केरळच्या बाजूच्या आहेत, उदा. मे २०२३ मध्ये केरळजवळ सुमारे २,५०० किलो मेथॅम्फेटामीन. कोकणातला मोठा साठा न्हावा शेवा बंदरात कंटेनरमधून पकडला गेला आहे, आणि त्या तपासणीत गस्ती नौकेचा संबंध येत नाही.