स्केटपार्क : असाधारण जागा आणि त्यांचा पूर्वेतिहास

स्केटबोर्ड चालवण्यासाठी उतार, खोलगट बाउल, वक्र भिंती, पायऱ्या आणि कठडे असलेल्या जागेला स्केटपार्क म्हणतात. महाराष्ट्रात ‘स्केटिंग’ म्हटले की बहुधा चाकांचे बूट आणि एखाद्या बागेतील सपाट, गुळगुळीत रिंक डोळ्यांपुढे येते. स्केटपार्क ही तिच्या नेमकी उलट रचना आहे, कारण तिथे सपाटी असते ती केवळ दोन चढांच्या मध्ये तोल सावरण्यापुरती. अमेरिकेतील ॲरिझोना राज्यातल्या टूसॉन शहरात १९६५ मध्ये सुरू झालेला ‘सर्फ सिटी’ हा या खेळासाठी मुद्दाम बांधलेला पहिला पार्क मानला जातो. परंतु स्केटपार्कचे आजचे रूप मुद्दाम आखलेल्या पार्कमधून आलेले नाही. भलत्याच कामासाठी बांधलेल्या आणि ते काम संपल्यावर किंवा कधी सुरूच न झाल्याने उरलेल्या जागांनी ते घडवले. त्यामुळे जगातील अनेक नामवंत स्केटपार्कचा इतिहास हा आधी त्या जागेचा इतिहास असतो.

यांपैकी सर्वांत जुनी जागा म्हणजे कॅलिफोर्नियातील घरामागचा पोहण्याचा तलाव. लाटांवर सर्फिंग करणाऱ्यांनी १९५० च्या दशकात जमिनीवरचा विरंगुळा म्हणून स्केटबोर्ड रूढ केला, तरी त्याची धातूची किंवा मातीच्या मिश्रणाची चाके बारीकशा खड्यालाही अडत. १९७० च्या दशकाच्या आरंभी फ्रँक नॅसवर्दी याने पॉलियुरेथेनची चाके बाजारात आणली आणि उभ्या चढावर पकड घेणे शक्य झाले. पाठोपाठ १९७६-७७ च्या दुष्काळात कॅलिफोर्नियातील असंख्य खासगी तलाव कोरडे पडले. सांता मोनिका आणि व्हेनिस भागातील मुले कुंपणावरून उड्या मारून त्यांत उतरू लागली आणि पोलीस येईपर्यंत खेळू लागली. हे तलाव गोलाकार तळाचे होते, यामागे बांधकामाचे कारण आहे. लोखंडी सळ्यांच्या जाळीवर दाबाने काँक्रीट फवारण्याच्या पद्धतीमुळे काटकोनी कोपरे टाळून हवी ती वळणे देता येत असत. काजूगरासारख्या वळणदार तलावाची आवड लावणाऱ्या उद्यानांत थॉमस चर्च याने १९४८ मध्ये सोनोमा परगण्यात पूर्ण केलेल्या डोनेल उद्यानाचे नाव नेहमी घेतले जाते. आजही बाउल बांधताना काँक्रीट फवारण्याचीच पद्धत वापरतात, आणि ज्या तलावात कधी पाणी भरायचेच नाही त्याच्या काठावर हौसेने तलावाची फरशी बसवतात.

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील हेस्टिंग्ज येथे ही वंशावळ जवळजवळ शब्दशः गिरवली गेली. तेथील समुद्रकाठच्या रस्त्याखाली एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बांधलेली ‘व्हाइट रॉक’ स्नानगृहे होती. काँक्रीटच्या प्रेमामुळे ‘काँक्रीट किंग’ म्हणून ओळखला गेलेला नगर अभियंता सिडनी लिटल याने १९३० च्या दशकात त्यांना नवे रूप दिले. पुढे तिथे काही काळ बर्फावरचे स्केटिंगही चालले आणि १९९७ मध्ये वास्तू बंद पडली. २०१६ मध्ये तिच्यातच ‘द सोर्स पार्क’ सुरू झाला. त्याचे रॅम्प आता जमिनीखालच्या जुन्या तलावाच्या जागी उभे आहेत.

तलावांनंतरची दुसरी मोठी जागा म्हणजे पुलाखालची. पूल बांधणाऱ्याचे लक्ष वरच्या रस्त्याकडे असते आणि खालची सावली कोणाचीच नसते. अमेरिकेतील पोर्टलंड शहरात विलामेट नदीवर १९२६ मध्ये खुल्या झालेल्या बर्नसाइड पुलाच्या पूर्व टोकाखाली कचरा, गर्दुल्ले आणि चोऱ्यामाऱ्या यांचे राज्य होते. १९९० मध्ये काही स्केटरांनी कोणाचीही परवानगी न घेता तिथल्या भिंतीच्या पायथ्याशी काँक्रीटचा उतार ओतला, तो टिकला म्हणून दुसरा ओतला, आणि पार्क वाढत गेला. परिसरातील व्यावसायिकांना वर्दळीमुळे सुरक्षित वाटू लागल्याने त्यांचा पाठिंबा मिळाला आणि नगर परिषदेनेही पुढे मान्यता दिली. पावसाळी पोर्टलंडमध्ये डोक्यावर पूल असणे हा केवढा लाभ, हे कोकणातल्या वाचकाला वेगळे सांगायला नको. आधी बांधा आणि मग परवानगी मिळवा, ही रीत येथून अनेक शहरांत पसरली. बर्नसाइडवर हात बसलेल्यांपैकी काही जण नंतर व्यावसायिक पार्कबांधणीत उतरले.

फिलाडेल्फियाची कथा याच्या उलट क्रमाने घडली. शहराच्या मध्यभागी १९६५ मध्ये झालेला आणि रॉबर्ट इंडियाना याच्या शिल्पामुळे ‘लव्ह पार्क’ म्हणून ओळखला जाणारा चौक गुळगुळीत ग्रॅनाइट, लांब कट्टे आणि पायऱ्या यांमुळे १९९० च्या दशकात जगभरच्या स्केटरांचे तीर्थक्षेत्र बनला, तर पालिकेच्या लेखी ती डोकेदुखी ठरली. स्केटरांना दूर नेण्यासाठी पालिकेने शहराच्या दक्षिण टोकाला एफडीआर उद्यानात, आंतरराज्य महामार्ग ९५ च्या खाली, काही किरकोळ अडथळे उभारून दिले. ते पसंत न पडल्याने स्केटरांनी आपल्याच खर्चाने आणि श्रमाने तिथे काँक्रीटच्या उंच भिंती रचल्या. तो एफडीआर स्केटपार्क आजही त्यांच्याच हाती आहे. लव्ह पार्कमधील बंदी २००२ मध्ये कडक झाली, तेव्हा चौकाची मूळ कल्पना मांडणारे नगररचनाकार एडमंड बेकन वयाच्या ९२ व्या वर्षी डोक्यावर हेल्मेट घालून आणि दोन्ही बाजूंनी आधार घेऊन तिथेच स्केटबोर्डवर उभे राहिले. रचनाकाराने आपल्या रचनेच्या ‘गैरवापरा’ची बाजू घेतल्याचे याहून ठळक उदाहरण क्वचितच सापडेल. बंदी मात्र उठली नाही.

लंडनमधील साउथबँकचे ‘अंडरक्रॉफ्ट’ म्हणजे स्केटपार्क म्हणून कधीच न बांधलेला, तरीही अव्याहत वापरातला स्केटपार्क. थेम्सच्या या काठावर १८२६ मध्ये बांधलेला शिशाच्या गोळ्या पाडण्याचा मनोरा होता. त्यात वितळलेले शिसे उंचावरून चाळणीतून सोडत आणि पडतापडता त्याचे थेंब गोल होऊन थिजत. १९५१ च्या ‘फेस्टिव्हल ऑफ ब्रिटन’साठी परिसरातल्या इमारती हटवल्या गेल्या तेव्हा हा मनोरा मुद्दाम राखला गेला, पण १९६२ मध्ये तोही पाडून तिथे क्वीन एलिझाबेथ हॉल उभारण्यात आला. १९६७ मध्ये खुले झालेले हे सभागृह उघड्या काँक्रीटच्या ब्रूटलिस्ट शैलीतले असून ते जाड खांबांवर उचललेले आहे. त्याखाली पादचाऱ्यांसाठी राखलेल्या भागात उतरते काँक्रीटचे काठ आणि पायऱ्या होत्या, मात्र पादचारी तिथे रेंगाळले नाहीत. १९७० च्या दशकाच्या पूर्वार्धात स्केटर आले आणि वास्तुरचनेतला निरुपयोगी ठरलेला तो उतार सार्थकी लागला.

२००४-०५ च्या सुमारास या जागेचा मोठा भाग पत्रे ठोकून बंद झाला. २०१३ मध्ये साउथबँक सेंटर या कलाकेंद्राने विस्ताराची योजना मांडली. तिच्यानुसार अंडरक्रॉफ्टमध्ये दुकाने आणि उपाहारगृहे येणार होती, आणि त्यांच्या भाड्यातून कलाकेंद्राचा खर्च भागणार होता. स्केटरांना जवळच्या हंगरफर्ड पुलाखाली नवा, सोयीस्कर पार्क बांधून देण्याचे आश्वासनही होते. वाद पेटला तो या आश्वासनावरूनच. ‘लाँग लिव्ह साउथबँक’ या मोहिमेचे म्हणणे असे की, जी जागा चार दशकांच्या वापराने घडली ती उचलून दुसरीकडे ठेवता येत नाही. सुमारे २७ हजार हरकती दाखल झाल्या आणि अखेर महापौर बोरिस जॉन्सन यांनीही स्केटरांची बाजू घेतली. सप्टेंबर २०१४ मध्ये दोन्ही पक्षांत करार होऊन जागा कायम राहिली, तर लोकवर्गणीच्या साहाय्याने पूर्ववत केलेला एक बंद भाग २०१९ मध्ये पुन्हा खुला झाला. कलाकेंद्राची पैशाची अडचण खरी होती, हे या विजयकथेत सहसा सांगितले जात नाही.

याहून अवघड पेच फ्लोरिडातील टँपा येथे पडला, कारण तिथे एकाच जागेवर दोन इतिहासांनी हक्क सांगितला. सेंट्रल ॲव्हेन्यू हा वंशभेदाच्या काळातील कृष्णवर्णीयांच्या व्यापाराचा आणि संगीताचा रस्ता होता. रे चार्ल्स आणि एला फिट्झजेरल्ड यांच्यासारखे कलावंत तिथे गाऊन गेले. १९६७ ची दंगल आणि ‘शहर सुधारणे’च्या नावाखालची पाडापाडी यांत १९७० च्या दशकाच्या मध्यापर्यंत तो भाग जमीनदोस्त झाला. मोकळ्या जमिनीवर गोदी कामगारांचे पुढारी पेरी हार्वी यांच्या नावाचे उद्यान झाले आणि त्यात दशकाच्या अखेरीस सरकारी खर्चाने काँक्रीटचा एक उथळ बाउल बांधला गेला. हाच ‘ब्रो बोल’. पुढे पालिकेने सेंट्रल ॲव्हेन्यूच्या स्मृतीसाठी उद्यानाची फेररचना करायचे ठरवले आणि त्या आराखड्यात बाउल आडवा आला. स्केटरांच्या प्रयत्नाने २०१३ मध्ये त्याची नोंद अमेरिकेच्या ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय सूचीत झाली. असा मान मिळालेला तो पहिला स्केटपार्क होता. सूचीत नाव लागल्याने पाडकाम थांबत नाही, ते फक्त लांबते. बाउलची लेझरने तंतोतंत मोजणी करण्यात आली, २०१५ मध्ये तो पाडला गेला आणि त्याच उद्यानात थोड्या अंतरावर त्याची प्रतिकृती बांधली गेली. ज्या समाजाचा रस्ता आधी पुसला गेला त्याच्या स्मारकाला विरोध करणे स्केटरांना जड गेले असणार. उलट ज्यांच्या हाती चाळीस वर्षांपूर्वीचा बुलडोझर होता ती यंत्रणा या वादात मध्यस्थ म्हणून वावरली, हे विसरता येत नाही. लंडनजवळील हॉर्नचर्च येथील १९७८ चा ‘रॉम’ पार्क अधिक सुदैवी ठरला. २०१४ मध्ये त्याला संरक्षित वास्तूचा दर्जा मिळाला आणि युरोपातील कोणत्याही स्केटपार्कच्या बाबतीत तसे प्रथमच घडले.

ओस पडलेली चर्चे हा स्केटपार्कचा आणखी एक आसरा. उंच छत, खांबांच्या अडथळ्याविना मोकळे मध्यदालन आणि पावसापासून बचाव, हे सारे तिथे आयते मिळते. स्पेनच्या अस्तुरियास प्रांतातील यानेरा येथे दारूगोळ्याच्या कारखान्यातील कामगारांसाठी वास्तुकार मानुएल देल बुस्तो याने १९१२ मध्ये सांता बार्बाराचे चर्च आखले. ही संत स्फोटकांशी खेळणाऱ्यांची रक्षणकर्ती समजली जाते, त्यामुळे नावाची निवड उघड आहे. यादवी युद्धानंतर ओसाड पडलेल्या या वास्तूत पुढे स्थानिक स्केटरांनी रॅम्प उभारले. २०१५ मध्ये ओकुदा सान मिगेल या चित्रकाराने तिच्या भिंती आणि छत रंगीबेरंगी भौमितिक आकृत्यांनी भरून टाकले. अमेरिकेतील सेंट लुइस येथील सेंट लिबोरियस या १८८९ च्या गॉथिक धाटणीच्या चर्चचे नशीब इतके बलवत्तर नव्हते. १९९२ मध्ये ते उपासनेसाठी बंद झाले, नंतर ‘स्केट लिबोरियस’ म्हणून स्केटरांनी जोपासले, आणि जून २०२३ मधील आगीत त्याच्या केवळ भिंती उरल्या.

स्वीडनमधील माल्मो हे उद्योग संपल्यावर स्केटबोर्डला धोरण म्हणून जवळ करणारे शहर आहे. कोकुम्स या जहाजबांधणी कारखान्यावर ते पोसलेले होते. कारखाना बंद पडल्यावर त्याची सुमारे १३८ मीटर उंचीची अवाढव्य क्रेन दक्षिण कोरियातील कंपनीला अवघ्या एका डॉलरला विकली गेली आणि २००२ मध्ये ती सुटी करून नेली गेली. पूर्ण झालेले जहाज ज्या उतारावरून पाण्यात सोडत त्याला स्वीडिश भाषेत ‘स्टापेलबेड’ म्हणतात. त्याच जागेवर स्टापेलबेड्सपार्केन हा विस्तीर्ण काँक्रीटचा पार्क २००० च्या दशकाच्या मध्याला आकाराला आला. त्याआधी १९९८ मध्ये एका जुन्या मद्यनिर्मिती कारखान्यात ‘ब्रिगेरिएट’ हे बंदिस्त स्केटगृह सुरू झाले होते. त्याच्याशी जोडलेल्या उच्च माध्यमिक शाळेत स्केटबोर्ड हा अभ्यासक्रमाचा भाग आहे. बर्लिनमध्ये तर जागेबरोबर दगडही इतिहासातून आले. २००८ मध्ये बंद झालेल्या टेम्पलहोफ विमानतळाच्या मैदानावरील स्केट-क्षेत्रासाठी पाडून टाकलेल्या ‘पालास्ट डेर रेपुब्लिक’च्या, म्हणजे पूर्व जर्मनीच्या संसदभवनाच्या, ग्रॅनाइटच्या लाद्या वापरण्यात आल्या.

२०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमधील स्केटबोर्डच्या स्पर्धांसाठी कॉन्कॉर्द चौकात तात्पुरते पार्क उभारले होते. जानेवारी १७९३ मध्ये सोळाव्या लुईचा गिलोटिनखाली शिरच्छेद झाला तो हाच चौक, आणि १८३६ पासून तिथे इजिप्तहून आणलेला लक्सरचा स्तंभ उभा आहे. स्पर्धा संपताच रॅम्प काढून टाकण्यात आले.

भारतात असे उरलेसुरले काँक्रीट शोधण्यापेक्षा कोऱ्या जमिनीवर बांधण्याकडे कल दिसतो. मध्य प्रदेशातील पन्ना जिल्ह्यातील जनवार या खेड्यात उलरिके राइनहार्ड या जर्मन बाईंच्या पुढाकाराने २०१५ मध्ये सुमारे ४५० चौरस मीटरचा ‘जनवार कॅसल’ हा स्केटपार्क बांधला गेला. काबूलमध्ये २००७ साली एका कोरड्या सोव्हिएत धाटणीच्या कारंज्यात मुलांना स्केटबोर्ड शिकवण्यापासून सुरू झालेल्या ‘स्केटिस्तान’ या उपक्रमाशी त्याचे नाते सांगितले जाते. जनवारच्या जागेवर ना पूल होता ना चर्च. तिथला पूर्वेतिहास वस्तीच्या मांडणीत होता, कारण यादव आणि आदिवासी यांची घरे वेगवेगळ्या भागांत होती आणि त्यांची मुले एकत्र खेळत नसत. पार्कचे नियम दोनच ठेवले गेले : शाळा नाही तर स्केटबोर्ड नाही, आणि आधी मुलींची पाळी. या गावची आशा गोंड २०१८ मध्ये चीनमधील नानजिंग येथे जागतिक स्पर्धेत भारताकडून उतरली.