घरी शिकणाऱ्या मुलाची हजेरी: गोव्यातील पालकांनी ठेवायच्या नोंदी आणि कागदपत्रे

घरशिक्षणासाठी आपल्याकडे वेगळी सरकारी नोंदणी नाही, त्यामुळे हजेरीपटाचा ठरलेला नमुनाही नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १० नुसार सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला शाळेत दाखल करण्याचे कर्तव्य पालकांवर आहे, पण ते न पाळल्यास पालकांना दंड करण्याची तरतूद त्या कायद्यात नाही. हा निर्णय घेणाऱ्यांनी दोन्ही गोष्टी आधीच समजून घ्याव्यात. मूल पुढे शाळेत परतले किंवा मुक्त विद्यालयातून दहावीला बसले, तर मधल्या वर्षांत ते काय शिकले हे सांगणारी घरची वही हाच एकमेव कागद उरतो, आणि म्हणूनच ती मनापासून ठेवावी असा माझा आग्रह आहे.

किती दिवस भरावेत, हा प्रश्न पालक हमखास विचारतात. त्याच कायद्याच्या अनुसूचीत पहिली ते पाचवीसाठी वर्षाला २०० दिवस व ८०० तास, तर सहावी ते आठवीसाठी २२० दिवस व १००० तास ठरवलेले आहेत. ही अट शाळांसाठी असली तरी घरी मोजमाप म्हणून तीच वापरणे सोयीचे जाते.

वहीत तारीख, सुरू केल्याची व संपवल्याची वेळ, विषय, प्रत्यक्ष केलेले काम आणि पालकाची सही एवढे रकाने पुरेत. नुसते ‘विज्ञान, दोन तास’ असे लिहिले तर वर्षभराने त्यातून काहीच कळत नाही. त्याऐवजी ‘सकाळी ७ ते ९, खाजनाच्या मानशीवर भरतीचे पाणी कधी चढले ते दर अर्ध्या तासाने मोजले, घरी येऊन आलेख काढला’ अशी नोंद करावी आणि तो आलेख तारीख घालून त्याच पानाला टाचावा. नोंद त्याच दिवशी व्हावी. आजारपण आणि चवथीची सुट्टी सुट्टी म्हणूनच लिहावी, कारण एकही खाडा नसलेली वही पाहणाऱ्याला खरी वाटत नाही. महिन्याच्या शेवटी दिवस व तास यांची बेरीज मांडून ठेवावी.

मूल शाळेतून काढत असल्यास शाळा सोडल्याचा दाखला, मागील प्रगतिपत्रके आणि युडायस प्लस या शाळांच्या माहितीच्या सरकारी पोर्टलवरील मुलाचा कायम शिक्षण क्रमांक न विसरता घ्यावा. शाळेत परतताना कलम ४ प्रमाणे मुलाला वयानुरूप वर्गात प्रवेश मिळतो, आणि दाखला यायला उशीर झाला किंवा वयाचा पुरावा नसला तरी प्रवेश नाकारता येत नाही.

राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची, म्हणजे एनआयओएसची, मुक्त मूलभूत शिक्षणाची अ, ब आणि क पातळी अनुक्रमे तिसरी, पाचवी आणि आठवीच्या समकक्ष आहे. दहावीसाठी किमान वय १४ वर्षे लागते आणि पाच विषय घ्यावे लागतात. अर्जाबरोबर जन्मतारखेचा पुरावा, ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा, छायाचित्र व सही द्यावी लागते. आठवीचा दाखला नसल्यास दहावीचा अभ्यास पेलण्याइतकी आपली तयारी आहे, असे स्वयंघोषणापत्र चालते. घरची वही अर्जाला जोडावी लागत नाही, पण ते घोषणापत्र लिहिताना हाताशी तीच असावी.

१ ऑक्टोबर २०२३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांना शाळाप्रवेशासाठी जन्मदाखला हाच जन्मतारखेचा पुरावा लागतो. आपल्याकडे आडनावाचे रोमी लिखाण जन्मदाखल्यावर एक, आधारवर दुसरे, असे पुष्कळदा आढळते. वडिलांचे नाव एका कागदावर पूर्ण आणि दुसऱ्यावर आद्याक्षरापुरते असते. अर्ज भरण्याआधी सगळे कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवून एकेक अक्षर ताडून पाहावे. फरक दिसल्यास दुरुस्ती अर्जापूर्वीच करून घ्यावी, कारण दहावीच्या गुणपत्रिकेवर छापलेले नाव बदलून घेणे त्याहून फार किचकट असते.