नावापुढची अक्षरं आणि त्यांची मालकी

मुंबई विद्यापीठातून पहिले विद्यार्थी बी.ए. झाले ते १८६२ साली. नावापुढे पदवी लावायची आपली सवय साधारण तिथूनच रुजली. मग ती दारावरच्या पाटीवर आली, लग्नपत्रिकेत आली, पुस्तकाच्या आतल्या पानावर आली. त्या अक्षरांबद्दल कुणाला शंका नव्हती. पदवी एकदा मिळाली की ती माणसाची झाली. विद्यापीठ दर तीन वर्षांनी येऊन 'तुमचं बी.ए. अजून चालू आहे ना?' असं विचारत नाही.

आयटीतल्या सर्टिफिकेशनांनी हीच रीत उचलली. 'अमुक पाटील, बी.ई., एमसीएसई, सीसीएनए' ही ओळ वाचताना डोळा अडखळत नाही, सगळी अक्षरं एकाच जातीची वाटतात. पण बी.ई. पाटलांचं आहे. बाकीची दोन, मायक्रोसॉफ्टचं एमसीएसई आणि नेटवर्कची उपकरणं बनवणाऱ्या सिस्कोचं सीसीएनए, ही त्या कंपन्यांची व्यापारचिन्हं आहेत आणि कराराच्या अटींवर, कराराच्या मुदतीपुरती पाटलांना वापरायला मिळालेली आहेत. हा फरक कसा पडत गेला, हे समजलं की आजचे बरेचसे घोळ सुटतात.

सुरुवात कंपन्यांनी केली नव्हती. अमेरिकेत पंच-कार्डांच्या यंत्रांवर हिशेब करणाऱ्यांची एक संघटना होती, नॅशनल मशीन अकाउंटंट्स असोसिएशन. १९६२ मध्ये तिने 'डेटा प्रोसेसिंग मॅनेजमेंट असोसिएशन' असं नाव घेतलं आणि त्याच वर्षी 'सर्टिफिकेट इन डेटा प्रोसेसिंग' म्हणजे सीडीपीची परीक्षा सुरू केली. नमुना समोर होता तो सीपीएचा, म्हणजे तिकडच्या सनदी लेखापालांचा. प्रोग्रामर आणि यंत्रचालक यांनाही तशी व्यावसायिक प्रतिष्ठा मिळावी, हा हेतू. पण सीपीएच्या मागे कायदा होता. सही करायचा अधिकार त्यालाच. सीडीपी नसलेल्या माणसाला प्रोग्रॅम लिहायची बंदी कुणी घातली नव्हती. त्यात परीक्षेला बसायला पदवीची अट घालायची टूम निघाली, तेव्हा अनुभवावर वर आलेल्या जुन्या सभासदांनी आरडाओरडा केला आणि ती अट मागे पडली. १९७३ मध्ये खास या कामासाठी आयसीसीपी ही वेगळी संस्था उभी राहिली आणि सीडीपी तिच्याकडे गेलं. तरी नोकरी देणारे ते मागत नव्हते, आणि मागणी नाही तिथे अक्षरांना भाव नाही.

सीआयएसए, म्हणजे 'सर्टिफाइड इन्फर्मेशन सिस्टीम्स ऑडिटर', याचं उलट झालं. १९६९ मध्ये स्थापन झालेल्या ईडीपी ऑडिटर्स असोसिएशनने (आजची आयसाका) १९७८ मध्ये तो कार्यक्रम आखला आणि १९८१ मध्ये पहिली परीक्षा घेतली. संगणकावरचे हिशेब तपासायला माहीतगार माणूस हवा, ही बँकांची आणि नियामकांची गरज खरी होती. आपल्याकडे सेबी शेअर दलालांच्या सिस्टीम ऑडिटसाठी जे लेखापरीक्षक चालतील म्हणते, त्यांच्या पात्रतेत सीआयएसए, माहिती-सुरक्षेची सीआयएसएम व सीआयएसएसपी आणि आपल्या सनदी लेखापालांच्या संस्थेचं डीआयएसए ही नावं येतात. टिकून राहिलेली अक्षरं बहुधा अशीच: त्यांच्या पाठीशी कुणाचा तरी नियम आहे.

नावापुढे अक्षरांची गर्दी मात्र व्हेंडरांनी, म्हणजे माल बनवणाऱ्या कंपन्यांनी, केली. १९८० च्या दशकाच्या शेवटी नॉव्हेल कंपनीचं नेटवेअर, संगणक एकमेकांना जोडणारं सॉफ्टवेअर, ऑफिसाऑफिसांत गेलं आणि ते बसवणारे, बिघडलं तर उठवणारे हात कमी पडायला लागले. प्रत्येक फोन कंपनीने स्वतः उचलणं परवडणारं नव्हतं. म्हणून १९८९ च्या सुमारास सीएनई आलं, 'सर्टिफाइड नेटवेअर इंजिनिअर'. विक्रेत्याकडे असे किती जण आहेत, यावर त्याचा दर्जा ठरायला लागला. १९९२ मध्ये मायक्रोसॉफ्टने आपला कार्यक्रम काढला. परीक्षा कुठे घ्यायच्या हा प्रश्न ड्रेक प्रोमेट्रिकसारख्या कंपन्यांनी सोडवला होता: गावोगावच्या प्रशिक्षण केंद्रात एक बंद खोली, तिथे संगणक, शेवटचं बटण दाबलं की जागेवर निकाल. बाहेरच्या प्रिंटरमधून गुणपत्रक यायचं आणि केंद्रचालक त्यावर उठावाचा शिक्का दाबून द्यायचा. खरं प्रमाणपत्र टपालाने पुष्कळ दिवसांनी यायचं. तोवर तो शिक्क्याचा कागदच लोक मुलाखतीला घेऊन जात.

मायक्रोसॉफ्टच्या विंडोज एनटी ४.० वरच्या एमसीएसईला सहा परीक्षा लागत, चार सक्तीच्या आणि दोन ऐच्छिक. सक्तीच्या चारांत 'नेटवर्किंग एसेन्शियल्स' होती, पण तुम्ही आधीच सीएनई असाल तर तिची सूट मिळायची. एक कंपनी दुसऱ्या कंपनीच्या अक्षरांना मान देत होती, हे आज खरं वाटणार नाही. प्रश्न वस्तुनिष्ठ, प्रश्नपेढी मर्यादित आणि केंद्रं जगभर, त्यामुळे आठवून लिहिलेले प्रश्न फिरायला लागले. त्यांना 'डंप्स' म्हणतात आणि ते पाठ करून पास झालेल्याला 'पेपर एमसीएसई'. उमेदवार परीक्षेआधी गुप्ततेच्या करारावर 'मान्य' दाबतो, पण तो करार कुणी वाचत नाही.

अक्षरं आपली नाहीत, याचा पहिला मोठा धक्का विंडोज २००० आल्यावर बसला. मायक्रोसॉफ्टने जाहीर केलं की एनटी ४.० वरचं एमसीएसई ३१ डिसेंबर २००१ ला संपेल. नव्या परीक्षा द्या नाहीतर अक्षरं उतरवा. जुन्या लोकांसाठी ७०-२४० ही चार विषयांची एकत्र परीक्षा फुकट ठेवली, पण ती एकदाच देता यायची. नापास झालात तर चारही परीक्षा पैसे भरून वेगवेगळ्या. गदारोळ झाला. ऑक्टोबर २००१ मध्ये कंपनीने माघार घेतली आणि तडजोड काढली: जुनं प्रमाणपत्र राहील, पण नावाला आवृत्ती चिकटेल. 'एमसीएसई (एनटी ४.०)' वेगळं, 'एमसीएसई (विंडोज २०००)' वेगळं. आवृत्ती गाळून नुसतं 'एमसीएसई' लिहायची सवय मात्र सुटली नाही. पुढे २०१२ मध्ये तीच चार अक्षरं पुन्हा आली तेव्हा त्यातल्या 'एस' आणि 'ई' चे अर्थ बदलले होते. सिस्टीम्स इंजिनिअर जाऊन सोल्यूशन्स एक्स्पर्ट आला. ३१ जानेवारी २०२१ ला तेही निवृत्त झालं. म्हणजे आज कुणाच्या नावापुढे एमसीएसई दिसलं तर ते कुठल्या काळातलं, हे विचारल्याशिवाय कळत नाही.

'इंजिनिअर' गळाला, ते समजून घ्यायला कॅनडातला वाद माहीत असलेला बरा. तिथे हा शब्द परवानाधारकांसाठी राखीव आहे. २००१ मध्ये तिथल्या अभियंत्यांच्या परिषदेशी मायक्रोसॉफ्टचं ठरलं की नुसतं 'एमसीएसई' वापरायचं, फोड करायची नाही. दुसऱ्या वर्षी कंपनीने ते गुंडाळलं. क्वेबेकमधल्या अभियंत्यांच्या संस्थेने खटला भरला आणि २००४ मध्ये न्यायालयाने मायक्रोसॉफ्टला दोषी धरून १,००० डॉलर दंड केला. रक्कम किरकोळ, पण तत्त्व ठरलं. आपल्याकडे 'इंजिनिअर' या शब्दाला असं कायद्याचं कुंपण नाही. 'आर्किटेक्ट'ला मात्र आहे, १९७२ च्या कायद्याचं कलम ३७; क्लाउडवाल्यांनी 'सोल्यूशन्स आर्किटेक्ट' छापताना ते वाचलं असेल असं वाटत नाही. आणि पदवी देण्याचा अधिकार १९५६ च्या यूजीसी कायद्यानुसार विद्यापीठांचा आणि तशा मान्यताप्राप्त संस्थांचा, म्हणून यातल्या कशालाही 'डिग्री' म्हणणं चूक. सरकारी नोकरीसाठी लागणारं एमएस-सीआयटी हा एमकेसीएलचा अभ्यासक्रम आहे; लग्नाच्या बायोडेटात ते बी.कॉम.च्या शेजारी बसतं खरं, पण पदवी होत नाही.

या सगळ्यात सिस्कोचं सीसीआयई, नेटवर्कच्या तज्ज्ञांसाठीचं, वेगळं उठून दिसतं, कारण तिथे अक्षरांच्या बरोबर क्रमांक मिळतो. १९९३ मध्ये सुरुवात झाली तेव्हा क्रमांक १ पासून दिले नाहीत, १०२४ पासून दिले. दोनाचा दहावा घात, नेटवर्कवाल्यांची गंमत. १०२४ कुठल्या माणसाला मिळाला नाही, तो प्रयोगशाळेलाच दिला. परीक्षा बसवणारे सिस्कोचे स्टुअर्ट बिग्ज १०२५ आणि बाहेरून येऊन पहिले पास झालेले टेरी स्लॅटरी १०२६. तेव्हा ही प्रात्यक्षिक परीक्षा दोन दिवस चालायची. पहिला दिवस आणि दुसऱ्याचा पूर्वार्ध जाळं उभारण्यात; पहिल्या दिवशी पुरेसे गुण नसतील तर दुसऱ्या दिवशी यायचंच नाही. दुसऱ्या दिवशी तुम्ही जेवायला गेलात की परीक्षक येऊन तुम्हीच उभं केलेलं जाळं मोडून ठेवायचा, कुठे केबल काढ, कुठे कॉन्फिगरेशन बिघडव, आणि परत आल्यावर ते शोधून दुरुस्त करायचं. २००१ च्या ऑक्टोबरपासून ती एका दिवसाची झाली. डंप्सने इथे फारसं साधत नसे, म्हणून या अक्षरांचा दरारा टिकला. मुदत संपली तरी क्रमांक दुसऱ्या कुणाला जात नाही. 'सीसीआयई' लावायचा हक्क मात्र जातो.

मुदतीचं खूळ कुठून आलं, यालाही कारण आहे. अमेरिकेच्या संरक्षण खात्याने २००४ मध्ये ८५७० क्रमांकाचा आदेश काढला: खात्याच्या यंत्रणा सांभाळणाऱ्यांकडे, कंत्राटदारांच्या माणसांकडेसुद्धा, मान्य यादीतलं प्रमाणपत्र हवं. यादीत यायला आयएसओ १७०२४ या मानकाची मान्यता हवी. आणि ते मानक सांगतं की प्रमाणपत्र ठरावीक काळाने पुन्हा तपासलं गेलं पाहिजे. कॉम्पटिया या संस्थेचं ए प्लस हे प्रमाणपत्र १९९३ पासून आजन्म होतं. २०१० च्या जानेवारीत संस्थेने जाहीर केलं की जुन्यांनाही नूतनीकरण लागू होईल. पुन्हा तोच गदारोळ, पुन्हा माघार: १ जानेवारी २०११ च्या आधी मिळवलेलं आजन्म, नंतरचं तीन वर्षांचं. ए प्लस लिहिणाऱ्या दोघांत एकाचं कधीच संपणार नाही आणि दुसऱ्याचं गेल्या महिन्यात संपलेलं असू शकतं. अक्षरांवरून भेद कळत नाही.

सर्वात जास्त चूक होते ती परीक्षा आणि प्रमाणपत्र यांत. सीआयएसएसपी १९९४ पासून आहे. पेपर पास झाला म्हणजे ती अक्षरं मिळत नाहीत. पाच वर्षांचा अनुभव दाखवायचा (संगणक किंवा संबंधित विषयाची पदवी असेल तर एक वर्ष माफ), एका विद्यमान सभासदाची शिफारस घ्यायची, आणि हे नऊ महिन्यांत उरकायचं. अनुभव कमी असेल तर 'असोसिएट ऑफ आयएससी-टू' इतकंच लिहिता येतं; 'सीआयएसएसपी (असोसिएट)' लिहिणं नियमाने मनाई. सीआयएसएचंही तसंच: पास झाल्यावर पाच वर्षांत अनुभवासह अर्ज करायचा, नंतर तीन वर्षांत १२० तास अभ्यास आणि त्यातले दरवर्षी किमान २०. बायोडेटावर दिसणारं 'सीआयएसए क्वालिफाइड' म्हणजे नेमकं या दोन टप्प्यांच्या मधे अडकलेला माणूस.

क्लाउडवाल्यांनी तर अक्षरंच काढून घेतली. अ‍ॅमेझॉनच्या एडब्ल्यूएसने २०१३ पासून, मायक्रोसॉफ्टने २०१८ पासून लांबलचक नावं दिली, त्यांची लघुरूपं दिली नाहीत. मग लोक परीक्षेचा कोड लावायला लागले, 'एझेड-१०४', 'एसएए-सी०३'. हा कोड म्हणजे पेपरचा नंबर. तो बदलतो, निवृत्त होतो. एझेड-१०४ पास झाल्यावर मिळतं ते 'मायक्रोसॉफ्ट सर्टिफाइड: अझ्युर अ‍ॅडमिनिस्ट्रेटर असोसिएट', आणि ते एक वर्ष चालतं, संपायच्या आधीच्या सहा महिन्यांत ऑनलाइन फुकट चाचणी दिली की आणखी एक वर्ष. एक दिवस उशीर झाला तर मूळ परीक्षा पुन्हा, पैसे भरून.

अक्षरांची जागा आता बॅजने घेतली आहे. मोझिलाने २०११ मध्ये 'ओपन बॅजेस'ची कल्पना मांडली: चित्राच्या फाइलमध्येच कुणी दिलं, कशासाठी, कधी, कधीपर्यंत, ही माहिती भरायची. क्रेडली या बॅज ठेवणाऱ्या संकेतस्थळावरच्या बॅजवर क्लिक केलं की मुदत संपलेली असल्यास तसं स्पष्ट दिसतं. पार्श्वभूमी तपासणाऱ्या कंपन्या तेच पाहतात. २०२२ मध्ये क्रेडली परीक्षाकेंद्रं चालवणाऱ्या पिअर्सनने घेतली, म्हणजे परीक्षा घेणारा आणि बॅज दाखवणारा बऱ्याचदा एकाच घरचा.

नावाचा घोळ खास आपला. आपलं नाव तीन पदरी, मधे वडिलांचं किंवा नवऱ्याचं, आणि सरकारी कागदांवर कधी आडनाव आधी. परीक्षेच्या खात्यात 'फर्स्ट नेम', 'लास्ट नेम' असे दोनच रकाने. ओळखपत्रावरचं आणि खात्यातलं नाव जुळलं नाही तर केंद्रावरून परत पाठवतात आणि शुल्क बुडतं. म्हणून नोंदणी पासपोर्ट समोर ठेवून करावी, त्यातल्याच स्पेलिंगने. लग्नानंतर नवं नाव घेऊन नवं खातं उघडलं की आणखी एक गंमत होते: एक परीक्षा जुन्या आयडीवर, दुसरी नव्यावर, दोन्ही पास, पण प्रमाणपत्र निघत नाही, कारण यंत्रणेच्या लेखी या दोन बायका आहेत. अशा वेळी दोन्ही आयडी आणि नावबदलाचा कागद जोडून खाती एकत्र करून मागावी लागतात; हे काम व्हेंडरचं, केंद्राच्या हातात काही नसतं.

लिहायचा क्रम जुनाच चालतो: आधी पदवी, मग कायद्याने दिलेला परवाना, शेवटी सर्टिफिकेशन. त्यातही चालू असलेलंच, आणि वरचं असेल तर खालचं गाळून. सीसीआयईच्या शेजारी सीसीएनए लावणं म्हणजे पीएच.डी.च्या पुढे दहावी पास लिहिण्यासारखं. लोगो ईमेलच्या सहीत चिकटवायचा असेल तर त्याच्या वापराचे नियम वेगळे असतात. आणि मुदत संपेल त्या दिवशी ओळ बदलायची: पाटी, कार्ड, ईमेलची सही, लिंक्डइन, चारही ठिकाणी. बायोडेटात मात्र 'सीसीएनए (२०१६-२०१९)' असं वर्षांसकट लिहायला काही हरकत नाही.