डेटाबेस कंटेनर : कडक सुरक्षा धोरणाखालील बिघाड

कुबरनेटीस (कंटेनर चालवणारी व सांभाळणारी प्रणाली) क्लस्टरवर, म्हणजे सर्व्हरांच्या समूहावर, कडक सुरक्षा धोरण लागू झाल्यावर डेटाबेसचा कंटेनर (स्वतंत्र कप्प्यात चालणारा प्रोग्राम) सुरू होतो, काही क्षणांत बंद पडतो आणि क्लस्टर तो पुन्हा उठवू पाहते. या अवस्थेला ‘क्रॅशलूपबॅकऑफ’ म्हणतात. दोन प्रयत्नांतील अंतर १०, २०, ४० सेकंद असे दुपटीने वाढत ५ मिनिटांवर स्थिरावते. म्हणून दोष काढल्यावर पॉड (एक वा अधिक कंटेनरचा गट) लगेच उठला नाही, एवढ्यावरून दुरुस्ती फसली असे समजू नये.

येथे ‘कडक’ म्हणजे पॉड सिक्युरिटी स्टँडर्ड्समधील ‘रिस्ट्रिक्टेड’ पातळी. जुनी पॉडसिक्युरिटीपॉलिसी १.२५ या आवृत्तीत (ऑगस्ट २०२२) काढून टाकण्यात आली व तिच्या जागी पॉड सिक्युरिटी ॲडमिशन (पॉड दाखल होतानाच नियम तपासणारी व्यवस्था) स्थिर झाले. या पातळीवर रूट, म्हणजे सर्वाधिकारी, वापरकर्ता चालत नाही, अधिकार वाढवून घेता येत नाहीत आणि सर्व केपेबिलिटीज (रूटच्या अधिकारांचे सुटे भाग) सोडाव्या लागतात. मूळ फाइलप्रणाली केवळ वाचनीय ठेवण्याची अट मात्र या पातळीत नाही. ती व्यवस्थापक स्वतःहून घालतात.

निदान करताना पॉड कोणत्या टप्प्यावर अडला ते आधी पाहावे. ॲडमिशननेच नाकारलेला पॉड यादीत दिसतच नाही, त्याचे कारण स्टेटफुलसेटच्या (डेटाबेसचे पॉड तयार करणाऱ्या घटकाच्या) इव्हेंट्समध्ये सापडते, रूटने चालणारी प्रतिमा (कंटेनर ज्यातून बनतो तो साचा) ‘रनॲजनॉनरूट’ या रूट नाकारणाऱ्या अटीला अडली तर कंटेनर तयारच होत नाही, आणि खरोखर सुरू होऊन पडलेल्या कंटेनरचे शेवटचे शब्द मागील लॉगमध्ये, म्हणजे ‘प्रीव्हियस’ हा पर्याय देऊन, वाचावे लागतात. निर्गम संकेत (एक्झिट कोड) १३७ असल्यास बहुधा स्मृतीची मर्यादा ओलांडलेली असते, तेव्हा सुरक्षा धोरणाला दोष देण्याआधी ते तपासणे इष्ट.

पोस्टग्रेस या डेटाबेसच्या बाबतीत मूळ प्रश्न बहुतेक वेळा फाइल्सच्या मालकीचा असतो. अधिकृत प्रतिमेची आरंभ-स्क्रिप्ट रूटने सुरू होऊन डेटा फोल्डरची मालकी बदलते व मग ‘पोस्टग्रेस’ वापरकर्त्याकडे कारभार सोपवते. केपेबिलिटीज काढल्या की मालकी बदलण्याची ही पायरीच ‘ऑपरेशन नॉट परमिटेड’ म्हणून फसते. या वापरकर्त्याचा क्रमांक डेबियन या लिनक्स वितरणावरील प्रतिमेत ९९९, तर अल्पाइन या दुसऱ्या वितरणावरील प्रतिमेत ७० असतो. ९९९ हा आकडा डेबियनमध्ये प्रणाली-वापरकर्त्यांचे क्रमांक वरून खाली दिले जातात यातून आला असावा, असे मानण्यास जागा आहे. अल्पाइनचा ७० मात्र त्या वितरणाने आधीच राखून ठेवलेला क्रमांक दिसतो. हा तपशील क्षुल्लक वाटला तरी तोच व्हॉल्यूम (डेटा साठवण्याची कायम जागा) ठेवून प्रतिमा बदलणाऱ्याला तो महागात पडतो.

‘एफएसग्रुप’ या पॉडच्या सेटिंगने व्हॉल्यूमचा गट बदलतो, मालक बदलत नाही, त्यामुळे माउंटच्या (व्हॉल्यूम जोडलेल्या जागेच्या) मुळाशीच डेटा ठेवल्यास इनिटडीबी (डेटा फोल्डर प्रथम सिद्ध करणारी आज्ञा) अडते, शिवाय ईएक्सटी४ फाइलप्रणालीवरील ‘लॉस्ट+फाउंड’ फोल्डरही तिला खटकते. ‘पीजीडेटा’ (डेटा फोल्डरचा पत्ता) एका उपफोल्डरकडे वळवल्यास तो फोल्डर प्रक्रिया स्वतः तयार करते आणि दोन्ही अडचणी सुटतात.

परवानगीचा असाच एक दोष, उदाहरणार्थ कोकण किनाऱ्यावर, पावसाळ्यात उघडकीस येऊ शकतो. रत्नागिरीत हापूसच्या पेट्यांचा हिशेब ठेवणारा, कार्यालयातल्याच सर्व्हरवरचा डेटाबेस मार्च ते मे बिनतक्रार चालतो. जूनमध्ये वादळी पावसात वीज जाते, नोड (क्लस्टरमधील सर्व्हर) पुन्हा सुरू होतो आणि पॉड उठत नाही. व्हॉल्यूम पुन्हा जोडताना एफएसग्रुप सर्व फाइल्सना गटाची लेखन-परवानगी देते. पोस्टग्रेसला मात्र डेटा फोल्डरवर ०७०० (फक्त मालकाला परवानगी), किंवा ११ व्या आवृत्तीपासून (२०१८) ०७५० (गटाला वाचन, लेखन नाही), एवढेच मान्य आहे. अधिकृत प्रतिमेची स्क्रिप्ट ही परवानगी पूर्ववत करते, इतर प्रतिमांत तशी सोय असेलच असे नाही. ‘एफएसग्रुपचेंजपॉलिसी’ला ‘ऑनरूटमिसमॅच’ हे मूल्य दिल्यास फाइल्सची ही फेरफार सहसा टळते.

उपायांबाबत दोन मते आहेत. नेमस्पेसला (क्लस्टरमधील विभागाला) सूट देऊन मालकी बदलणारा इनिट कंटेनर (मुख्य कंटेनरआधी चालणारा) रूटने चालवावा, असे एक मत; प्रतिमाच कोणत्याही वापरकर्ता-क्रमांकाने चालेल अशी बांधावी, असे दुसरे. ओपनशिफ्ट या कुबरनेटीसवर आधारित मंचात नेमस्पेसला ठरवून दिलेल्या श्रेणीतला क्रमांक मिळतो व गट शून्य असतो, तेथे दुसरे मतच व्यवहार्य ठरते. जुना डेटा एकदाच स्थलांतरित करायचा असल्यास पहिल्याचा तात्पुरता आधार घेण्यास हरकत नसावी.

केवळ वाचनीय फाइलप्रणालीत पोस्टग्रेसच्या सॉकेटसाठी (स्थानिक जोडणीच्या फाइलसाठी) ‘/व्हार/रन/पोस्टग्रेसक्यूएल’ येथे एम्प्टीडिर, म्हणजे पॉडपुरती तात्पुरती रिकामी जागा, जोडावी लागते; मायएसक्यूएललाही सॉकेटसाठी व तात्पुरत्या फाइल्ससाठी अशीच जागा लागते.