र्‍योकानमध्ये बायका-पुरुष एकत्र अंघोळ करतात?

‘जपानी र्‍योकानात (म्हणजे तिथल्या पारंपरिक सराईत) बायका-पुरुष गरम पाण्याच्या एकाच कुंडात उघडे उतरतात’ हा समज आपल्याकडे वर्षानुवर्षं फिरतोय, आणि त्यापायी कितीतरी जणी त्या सुखाला मुकतात. तसं नाही. जपानच्या उत्तरेकडच्या होक्काइदो बेटावरचं तोया सरोवर घ्या. १९१० साली उसू ज्वालामुखी उसळला, त्यानंतर तिथे गरम झरे लागले. अशा ठिकाणी कुंडांना दोन दारं, दोन पडदे असतात: बहुधा निळा पुरुषांचा, लाल बायकांचा. दर वेळी पडदा नीट पाहा, कारण पुष्कळ ठिकाणी रात्रीतून कुंडांची अदलाबदल होते. एकत्र स्नानाची जुनी प्रथा आता मोजक्याच गावी उरलीय.

कपडे मात्र खरंच काढायचे. आधी बुटक्या स्टुलावर बसून साबणाने अंग धुवायचं. छोटा पंचा डोक्यावर ठेवायचा, पाण्यात नाही. फारच संकोच वाटला तर काही र्‍योकानांत कुटुंबापुरतं वेगळं कुंड मिळतं.