दिवसाचे पैसे वेगळे, चेहऱ्याचे वेगळे

संभाजीनगर, लातूर, नांदेडच्या नाटकवाल्या पोरापोरींना आता जाहिरातीची कामं गावातच मिळू लागलीत. सराफ, बिल्डर, बियाणं कंपन्या, लातूरचे क्लासेस. फोनवर प्रश्न एकच असतो, "पर डे किती घेणार?" आपण एक आकडा सांगतो आणि त्यात दोन निरनिराळ्या गोष्टी देऊन बसतो.

एक म्हणजे तुमचा दिवस. मुंबईत शिफ्ट साधारण १२ तासांची धरतात. आपल्याकडे बरेचदा तास ठरलेलेच नसतात, म्हणून ते आधी विचारायचे. परभणीच्या नटाला संभाजीनगरात सकाळी ७ चा कॉल टाइम, म्हणजे सेटवर हजर व्हायची वेळ, असेल तर आदल्या दिवशीच निघावं लागतं. तो जाण्यायेण्याचा वेळ भावात धरायचा. कन्व्हेयन्स म्हणजे प्रवासखर्च, मुक्काम आणि नंतरचं डबिंग वेगळं.

दुसरी गोष्ट, तुमच्या चेहऱ्याचा वापर. खरं नुकसान इथं होतं. पॅकअप झालं, तुम्ही घरी गेलात, तरी जाहिरात कमावतच असते. ती कुठं दिसणार, किती दिवस, रील की होर्डिंग, यावर भाव ठरतो. शिवाय एका सराफाच्या होर्डिंगवर तुम्ही वर्षभर दिसलात, की गावातला दुसरा सराफ तुम्हाला घेत नाही. त्या बुडालेल्या कामाचे पैसेही वापरातच येतात. समजा दिवसाचे ४,००० ठरले. तीन महिन्यांच्या रीलला वर निम्मे, वर्षभराच्या होर्डिंगला किमान आणखी दिवसाइतके पूर्ण, असं मी तरी मागायला सांगेन.

पथनाट्याला हा प्रश्न नसतो. तिथं प्रयोग संपला की व्यवहार संपला, कुणी चित्रीकरण करून ते विकत नसेल तर. मित्राच्या शॉर्टफिल्मला दिवसाचे कमी घ्या, खुशाल घ्या. पण पुढं ती ओटीटीला विकली गेली तर तुमचा वाटा काय, हे आधीच लिहून घ्या.

लेखी असणं फार महत्त्वाचं आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीनं कलाकारांचे हक्क वाढले. लेखी करारानं हक्क दिले पण मुदत लिहिली नाही, तर ती ५ वर्षं धरतात. प्रदेश लिहिला नाही, तर सगळा भारत. आणि "सर्व माध्यमांत, कायमस्वरूपी" या ओळीखाली सही केलीत, तर ५ वर्षांची मर्यादाही हातची गेली. छापील करारात ती ओळ हमखास असते. ती शोधा आणि खोडायला लावा.

मोठा करार नसेल तर व्हॉट्सअपवर एवढं तरी पाठवा आणि समोरून "ओके" येईपर्यंत तारीख देऊ नका: "शूटिंग १ दिवस, १० तास, ४,००० रुपये. इन्स्टाग्राम व यूट्यूबवर वापर ३ महिने, २,००० रुपये. होर्डिंग लावल्यास किंवा मुदत वाढवल्यास पैसे वेगळे. टीडीएस कापल्यास तसं कळवावं. पेमेंट ३० दिवसांत."

"बजेट नाही" म्हणाले, तर दिवसाचा भाव पाडू नका. तीन महिन्यांचा वापर एक महिन्यावर आणा.